क्रुसावर ओस्वेनचं नाव

तीनदा धार काढायचा महिना, पौर्णिमेनंतरचा बुधवार
नदीच्या उतारावरून

ओस्वेन,

हे पत्र रागात लिहिलेलं नाही. मागचं होतं. त्याच्या मागचंही होतं. बेब्बेमावशी सांगत होती, मठाच्या मुदपाकखान्यात ती वाम मासे उतरवत असताना तू तिने आणलेली दोन्ही पत्रं तिथंच उभ्या उभ्या वाचलीस आणि एवढंच म्हणालीस, "हा मुलगा कातडं फार वाया घालवतो."

वाया घालवत नाही. शाळा सोडताना स्तोत्रांची डागाळलेली पानं उचलून आणली होती, ती खरवडून लिहितो. चोरी म्हण हवं तर. बंधू एडवाल्डच्या डोक्यात मेणाची पाटी घातली, त्यापुढे ही चोरी ती काय! आणि पाटी का घातली हे तुझ्यापर्यंत आलं की नाही कुणास ठाऊक. तो सगळ्या वर्गासमोर म्हणाला, "ओस्वेन देवाच्या गोठ्यातलं वासरू आहे. दुसऱ्याच्या वासराकडे बघू नये." वासरू! पुढचं व्याकरण मी शिकलोच नाही.

तुझ्या वडिलांनी लढाईच्या आदल्या दिवशी नवस बोलला, जिंकलो तर पोरगी देवाला. जिंकले. तू तेव्हा सहा वर्षांची. आता ते स्वतः मातीखाली आहेत आणि नवस फेडायचा तू. हिवाळ्याच्या पहिल्या पौर्णिमेला डोक्यावर पडदा घेऊन शपथ घ्यायची आणि कायमचं आत राहायचं. तुला कुणी विचारलं का? मी विचारतो. प्रत्येक पत्रात विचारतो, निघून येतेस का. आणि तुझं उत्तर येतं, "क्रुसावरची वेल उजव्या कोपऱ्यातून निघते की डाव्या?"

डाव्या. आता ऐक.

पाथरवट हुन्वाल्ड उस्तादाकडे मी दगडासाठी आलो नव्हतो. वारा समुद्राकडून असला की नदी पायी ओलांडायच्या या उतारावर तुमच्या कड्यावरची घंटा ऐकू येते, म्हणून आलो. त्याने माझे हात उलटेपालटे करून बघितले.

"हे हात जपमाळेचे. लिहिता येतं?"

"येतं."

"मग शाळा का सोडलीस?"

"डोकं फुटलं."

"तुझं?"

"गुरुजींचं."

म्हातारा खोकला येईपर्यंत हसला. तेव्हापासून मी "अर्धे शास्त्रीबुवा". "शास्त्रीबुवा, पाणी आणा. शास्त्रीबुवा, तिकडे बैल काय खातोय ते लॅटिनमध्ये सांगा." दिवसातून एकदा तरी वाटतं की हातोडा त्याच्या पायावर टाकावा. टाकत नाही, कारण त्यानंतर तो छिन्नी उचलतो.

तुला वाटत असेल दगड म्हणजे कोरडा. खाणीतून नुकता आलेला दगड ओला असतो, ओस्वेन, घामेजलेला. तेव्हा छिन्नी चीज कापावं तशी आत जाते. मग हवेवर त्याला साल धरते आणि पुढे त्याच्याशी भांडावं लागतं. म्हणून उस्ताद खोल काम आधी करतो. कातड्याच्या साच्याला टाचणीने भोकं पाडलेली असतात. साचा दगडावर धरायचा, वरून कोळशाची पूड फिरवायची, साचा काढला की वेल ठिपक्यांनी उमटलेली असते. ती डाव्या कोपऱ्यातून निघते, वळत वळत वर जाते आणि प्रत्येक वळणात एक जीव बसलेला. कोल्हा, खार, पाखरं, सगळ्यांत वर गरुड. सगळे द्राक्षं खाताहेत. उस्तादाने द्राक्ष जन्मात पाहिलेलं नाही. मी तसं म्हटलं, तर म्हणाला, "तू देवदूत पाहिलायस? पुढच्या बाजूला तोही कोरतोय ना?"

दगड अजून आडवा आहे, तरी त्याच्याजवळून जाताना लोक आवाज खाली करतात. मीही करतो. मी! तुला माहीत आहे मी किती हळू बोलतो ते.

निघून ये.

विल्गिस


सौम्य वाऱ्याचा महिना, सोमवार

ओस्वेन,

मठात पिवळा ताप शिरला आणि तुमचं फाटक बंद झालं, हे बेब्बेमावशीकडून कळलं. मासे ती आता फाटकाबाहेर ठेवते आणि घंटा वाजवून मागे सरते म्हणे. तुझ्या पत्राला तापावर उतारा म्हणून शिंपडलेल्या शिरक्याचा वास होता. त्यात प्रकृतीबद्दल एक अक्षर नाही. "खारीची शेपटी वेलीच्या वरून जाते की खालून?" बाई, तिथं माणसं पिवळी पडून मरताहेत आणि तुला शेपटीची पडली आहे!

वरून जाते. मग एकदा खालून. खार उस्तादाने मला दिली. म्हणाला, "बिघडवलीस तर तिचं मांजर करू, मांजर बिघडवलंस तर दगडाची पायरी करू आणि तुला तिच्याखाली पुरू." बिघडली नाही. शेपटी वेलीपासून सुटी कोरताना मी जेवायला उठलो नाही. पूर्ण झाल्यावर तो आला, अंगठा तिच्या पाठीवरून फिरवला आणि म्हणाला, "कान मोठे झालेत." रात्रीच्या सातूच्या दारूतला अर्धा पेला मात्र त्याने माझ्याकडे सरकवला.

गेल्या आठवड्यात क्रूस उभा केला. दोन तुकडे, खांब आणि वरचा माथा. माथ्याच्या बुडाला खुंटा, खांबाच्या डोक्यात खाच. सगळी दरी दोर ओढायला आली होती. बैल, बाया, धर्मगुरू टिडासुद्धा झगा कमरेला खोचून. उस्ताद एका बाजूला उभा राहून प्रत्येकाला नाव घेऊन शिव्या देत होता. धर्मगुरूंना "ओढा महाराज, देव बघतोय, मीही बघतोय!" खुंटा खाचेत बसला आणि वरून वितळलेलं शिसं ओतलं, तेव्हा दगडाच्या आतून एक हुंकार आला. खरंच आला. पोरं पळाली. शिसं ओलाव्याला भेटलं की होतं तसं, उस्ताद म्हणाला. पण त्यानेही टोपी काढली होती.

ओस्वेन, तो आता उभा आहे. दोन पुरुष एकावर एक उभे राहिले तरी माथ्याला हात लागायचा नाही. आपल्या दरीत चर्च नाही, छप्पर नाही. शुक्रवारी टिडा येतात आणि उघड्यावर सांगतात. इतके दिवस ते गवतात उभे राहून सांगत होते आणि लोक मेंढ्या मोजत होते. या शुक्रवारी कुणी मेंढीकडे बघितलं नाही. सकाळचं ऊन बाजूने पडलं की वेल हलते. लोणी विकणारी एक म्हातारी पुढे आली, गरुडाच्या खाली हात जोडून उभी राहिली आणि मग मला हळूच विचारते, "तो चावत नाही ना?"

मागच्या बाजूला खाली एक चौकट मोकळी आहे. तिथं काय लिहायचं ते तुमची मठमाता कळवणार आहे, ताप सरल्यावर. मला रोज ती चौकट दिसते.

तू कशी आहेस, एवढं लिही. फक्त एवढंच लिही. शेपटीबद्दल लिहू नकोस.

वि.


तणांचा महिना, शनिवार

ओस्वेन,

केलं.

उस्ताद पुढच्या दगडासाठी खाणीवर गेला आहे. मी त्या मोकळ्या चौकटीत तुझं नाव कोरलं. लॅटिन अक्षरांत नाही, आपल्या जुन्या सरळ रेघांच्या अक्षरांत, जी गुराख्यालाही काठीवर कोरता येतात. फक्त नाव. उजाडताना सुरुवात केली, कडा गुळगुळीत करेपर्यंत दुपार झाली. मी आजवर केलेलं सगळ्यांत सरळ काम आहे ते.

तू दार बंद करून बसलीस, शपथ घेतलीस की तुझं नाव या दरीत कोण घेणार? आता घेतील. येणारा जाणारा घेईल. काल शुक्रवार होता. सगळी दरी जमली होती. टिडांनी चौकट वाचली आणि तुझं नाव मोठ्यांदा घेतलं, मग सगळ्यांनी एकदम घेतलं. गुडघे टेकून. मी मागे उभा होतो. कसं वाटलं ते लिहीत नाही.

लोकांना काम आवडलं. म्हणजे, नावडलं असं कुणी म्हणालं नाही.

ते कशासाठी घेतलं ते पुढच्या पत्रात लिहितो. तू बरी आहेस ना?

वि.


तणांचाच महिना, गुरुवार, घाईत

ओस्वेन,

बेब्बेमावशी माझ्या डोक्यावर उभी आहे. मी लिहायला बसल्याशिवाय हलणार नाही म्हणते. ती एवढे दिवस वरच्या अंगाला बंधाऱ्यावर वाम धरत होती, आज उतरली, क्रूस बघितला, क्रुसाखाली बसलेली बाई बघितली आणि सरळ येऊन माझा कान धरला.

"काय केलंस रे मेल्या?"

"नाव कोरलं."

"क्रुसावर कुणाचं नाव कोरतात?"

मी कान सोडवायला बघितलं.

"शाळेत शिकवलं नाही? का तेवढ्यात डोकं फोडायचा तास आला?"

ओस्वेन, तुझी आई इथं आहे.

सगळं लिहितो. क्रुसावर नाव दिसलं की आपली माणसं काय करतात? गुडघे टेकतात आणि त्या जिवाला शांती मागतात. मेलेल्या जिवाला. मी काय वेगळ्या दरीत जन्मलो? मलाही माहीत होतं. पण त्या सकाळी मला तुझं नाव दिसत होतं, बाकी काही दिसत नव्हतं. टिडांना वाटलं मठातून निरोप आला. त्यांनी टोपी काढली, म्हणाले, "आपल्या ओसगार सरदारांची ओस्वेन तापाने गेली. तिच्या आत्म्यासाठी." आणि सगळी दरी खाली बसली.

तेव्हाच ओरडायला हवं होतं. नाही ओरडलो. भीती होती हे खरं, आणि उस्तादाची बदनामी होईल असंही वाटलं. पण खरं त्याहून वाईट आहे. एवढ्या तोंडांतून तुझं नाव एकदम निघालं आणि क्षणभर मला आवडलं. म्हणून गेल्या पत्रात लपवलं.

बातमी दरीतून वर गेली. काल तुझी आई पायी आली, शोकाने केस कापून. फाटक बंद, ताप सुरू, आत जाऊन बघणार कोण? मी तिच्यापुढे जाऊन सांगितलं, "कुनविसबाई, ओस्वेन जिवंत आहे. नाव मी कोरलं. चूक माझी." तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. म्हणाली, "चांगला मुलगा आहेस. पण दगड खोटं बोलत नाही, बाळा." मी तुझी पत्रं दाखवली. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "ही आधीची असतील."

बाळा म्हणाली मला! थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

ती क्रुसाला पाठ लावून बसली आहे. भाकरी ठेवली ती कुत्र्याने नेली. पाणी पीत नाही. बेब्बेमावशीने वाम भाजून पुढे धरला, तर म्हणाली, "माझ्या पोरीला आवडायचा," आणि तोंड फिरवलं. उस्ताद खाणीवरून आला आहे. तो मला काही बोललेला नाही. एक शिवीसुद्धा नाही. त्यावरून समज.

मठमातेला सांग, ताप असो, फाटक असो, तुला उतारापर्यंत यायला हवं. दुरून उभी राहा. तुला बघितल्याशिवाय ती उठणार नाही. आता ते "निघून ये" म्हणत नाही मी. फक्त ये.

बेब्बेमावशी म्हणते पुरे, दे इकडे.

वि.


पवित्र महिना, पहिला रविवार

ओस्वेन,

तू येऊन गेलीस. तू इथं काय केलंस हे तुला माहीत आहे, पण बाकीचं तुला दिसलं नाही. मी गाढवामागे उभा होतो. लपून नव्हतो. गाढव मध्ये होतं.

तू पाण्याच्या पलीकडच्या काठावर थांबलीस आणि हाक मारलीस, "आई, मी आहे." तुझ्या आईने मान वर केली आणि पहिलं काय केलं सांगू? वळून क्रुसाकडे बघितलं. मग तुझ्याकडे. जणू दोघांत खोटं कोण ते ठरवत होती. मग ती तशीच, चपलांसकट, पाण्यात शिरली. टिडा ओरडले, "बाई, ताप!" तुझी आई म्हणाली, "येऊ दे ताप. मी तिला पुरून बसले होते." तू तिला धरलंस तेव्हा उस्ताद माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्याने माझ्या मानगुटीला घट्ट पकडलं. मला वाटलं आता मारतो. त्याला आधार हवा होता.

मग तुम्ही दोघी या काठाला आलात आणि ती म्हणाली ते तू ऐकलंस, मीही ऐकलं. "घरी चल. नवस तुझ्या बापाचा होता, पोर माझी आहे. मठमातेला नदीकाठचं शेत देते, दुभत्या गाई देते. एकदा मेलीस माझ्यासाठी, पुन्हा नाही देणार." आणि मठमातेने पाठवलेली ती वयस्कर भगिनी म्हणाली, "मठमातेचा निरोप आहे, मुलगी मोकळी आहे. तिचं तिने ठरवावं."

ओस्वेन, त्या क्षणी मी काय होतो ते लिहीत नाही. मी कोरलेल्या एका चुकीने फाटक उघडलं होतं. वसंतापासून जे मागत होतो ते समोर उभं होतं, ओल्या झग्यात. मी गाढव बाजूला ढकललं.

आणि तू म्हणालीस, "आई, नवस बाबांचा होता. तो आज तू सोडलास. बरं झालं. आता मी जाते आहे ती माझी मी जाते आहे."

"कशासाठी?" आई म्हणाली. माझाही तोच प्रश्न होता.

"माझं पुस्तक अर्धं राहिलंय. रंग घोटायला आता कुठे हात बसलाय. सकाळी खिडकीशी बसून पहिल्या अक्षराला सोनेरी कड देते ना, तेव्हा मला भूक लागत नाही, आई. हे दुसरीकडे कुठे मिळायचं?"

तेव्हा मी पुढे आलो. सगळ्यांसमोर. "आणि मी?"

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता कातड्याचा हिशेब काढतेस. तू म्हणालीस, "तुझी खार बघितली, विल्गिस. कान मोठे आहेत. पण शेपटी मला रंगात जमली नसती. असं काम येणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या फाटकाशी बसून काय राहायचं?"

मागून उस्ताद म्हणाला, "मी सांगितलं होतं, कान मोठे झालेत."

लोक हसले. मी हसलो नाही. मी रागावून ओढ्यापर्यंत चालत गेलो, दोन दगड पाण्यात भिरकावले. मग तुझा आवाज आला म्हणून परतलो, कारण आता भांडण क्रुसाचं सुरू झालं होतं आणि ते मला सोडवेना.

तुझी आई म्हणत होती, "ते नाव खरवडून काढा. मी या उतारावरून बाजाराला जाते. दर वेळी ते वाचून कुणी माझ्या पोरीला शांती मागणार?" उस्ताद म्हणत होता, "खरवडलं तर खड्डा होईल. खड्ड्यात पाणी, पाण्याचं बर्फ, दोन हिवाळ्यांत चौकट फुटेल. माझ्या दगडाला मी हात लावू देणार नाही." टिडा दोघांच्या मध्ये, "शांत व्हा, शांत व्हा," आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. बेब्बेमावशी म्हणाली, "त्यापेक्षा पोरीलाच मारा, नाव खरं होईल." धन्य आहे ती बाई.

आणि तू खाली बसलीस, बोटाने अक्षरं चाचपलीस आणि म्हणालीस, "क्रुसावर मेलेल्यांचंच नाव नसतं. घडवणाऱ्याचंही असतं. अमक्याने मला घडवलं, असं दगडच सांगतो. नाव राहू द्या. त्याच्यापुढे 'मला रंगवलं' एवढं कोरा. मी येऊन रंगवते. मग ते खरं होईल."

एवढा वेळ आम्ही बारा जणं भांडत होतो!

मला तुझा राग आहे. तो तसाच आहे. पण तू उठलीस आणि हात झटकलेस, तेव्हा मी तुझ्याकडे बघत होतो आणि मनात आलं, वेल कोणत्या कोपऱ्यातून निघते हे तू का विचारत होतीस. तुला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी प्रत्येक पत्रात एकच मागत होतो आणि तू प्रत्येक पत्रात माझ्याच कामाचं विचारत होतीस. कोण कुणाकडे बघत होतं?

तुझी आई आज सकाळी परत गेली. भाकरी खाऊन. जाताना मला थोबाडीत मारून गेली. बरं वाटलं.

विल्गिस


हिवाळ्याच्या पौर्णिमेचा महिना, पौर्णिमेनंतर

भगिनी ओस्वेन,

असंच लिहायचं ना आता? लिहिलं. अक्षर सरळ आलं.

काल तुमची घंटा नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजत होती. वारा समुद्राकडचा होता. उस्ताद काम थांबवून बसला, मीही. तो म्हणाला, "झालं वाटतं." मी म्हटलं, "हो." मग आम्ही छिन्न्यांना धार लावली.

तू रंगवत होतीस ते दिवस मी चुना कालवून वर देत होतो आणि तू फक्त "अजून पातळ" आणि "अजून घट्ट" एवढंच बोललीस. तेही तसं पुष्कळ होतं. मला वाटत होतं दगड म्हणजे दगड, रंग म्हणजे वरचं पांघरूण. तू आधी सगळा क्रूस चुन्याने पांढरा केलास तेव्हा मी धरून चाललो की सगळं काम पुसलं. मग पानांना तांब्याच्या जंगालाचा हिरवा, द्राक्षांना शेंदूर, गरुडाच्या छातीला हरताळाचा पिवळा, पाखरांच्या डोळ्यांत निळे काचमणी. खोल कोरलेल्या जागी तू काजळी भरलीस आणि वेल दगडातून सुटून बाहेर आली. उस्ताद आयुष्यभर दगड कोरतोय. तो खाली बसून तोंड उघडं टाकून बघत होता. मी म्हटलं, "उस्ताद, माशी जाईल." म्हणाला, "जाऊ दे."

तू गेल्यावर लोक नुसते बघायला येऊ लागले. वरच्या धनगरांनी पोरं आणली. लोणीवाली म्हातारी गरुडाजवळ जात नाही, आता तर त्याला डोळे आले आहेत म्हणते.

चौकट पुरी केली. वरच्या ओळीत "हुन्वाल्डने मला घडवलं", खाली "ओस्वेनने मला रंगवलं". तुझं नाव होतं तिथंच राहिलं, बाकी सगळं त्याच्याभोवती बसवलं. अक्षरं तू सांगितलीस तशी शेंदराने भरली. तुझ्या ओळीच्या पुढे वीतभर जागा उरली. उस्ताद टोपीने धूळ झटकत म्हणाला, "शास्त्रीबुवा, तिथं तुमचंही घाला. खार तुमची आहे."

छिन्नी हातात होती. तुझ्या नावाला लागून माझं नाव, पाऊस पडेल, बर्फ पडेल, आपण सगळे जाऊ आणि ती दोन नावं तिथं असतील. वसंतात त्यानं असं म्हटलं असतं तर मी त्याच्या पाया पडलो असतो. मी छिन्नी टेकवली. मग काढली. एक खार कोरून क्रूस माझा होत नाही. आणि त्या जागी माझं नाव मला क्रुसासाठी नको होतं, हे मला माहीत होतं, उस्तादालाही असणार. म्हटलं, "एक अख्खा करीन तेव्हा घालीन." तो म्हणाला, "मग पुढचा दगड आहे तो तू सुरू कर. आणि कान बेताचे ठेव." जागा तशीच रिकामी आहे.

आज दुपारी दक्षिणेकडचा एक मीठवाला आपलं गाढव घेऊन उतरला. इथला नव्हता, त्याला कुणाची गोष्ट ठाऊक नव्हती. क्रूस बघून त्याने गाढवाचा दोर सोडूनच दिला. चहूबाजूंनी फिरला. मग मला म्हणाला, "काय लिहिलंय रे?"

मी वाचून दाखवलं.

"दोघं जिवंत आहेत?"

"आहेत. म्हातारा तो तिथं बसलाय, बाई कड्यावरच्या मठात."

"शांती नको मागायला मग." बिचाऱ्याला काय मागावं सुचेना. मग टोपी काढली, गुडघे टेकले आणि म्हणाला, "देवा, त्या म्हाताऱ्याचे आणि त्या बाईचे हात शाबूत ठेव."

मी त्याच्या शेजारी गुडघे टेकले आणि तेच म्हटलं. तुझ्यासाठी मी देवाकडे पुष्कळ मागत आलो, ओस्वेन. ज्यात मी कुठेच नाही असं हे पहिलं मागणं.

विल्गिस